पुतळाबाईची बाराची हजेरी

चिंचगीचा तलाव बहात्तरच्या दुष्काळात बांधला. त्याची माती पुतळाबाईनं डोक्यावरून वाहिली. तेव्हा ती नवी नवरी होती. कामावर माती वाहणारे तीनशे होते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे चाळीस. लक्ष ठेवणाऱ्यांना बाभळीची सावली लागायची, वाहणाऱ्यांना खायला सरकारी सुकडी मिळायची. पुढं दहा-बारा वर्षांनी याच तलावावर 'कल्याणी सहकारी उपसा सिंचन संस्था' निघाली. वाहणाऱ्यांपैकी बहुतेकांकडं जमीनच नव्हती, त्यामुळं ते सभासद होऊ शकले नाहीत. संचालक मात्र एकजात सावलीत बसलेल्यांतलेच झाले. बसण्याचा अनुभव त्यांना होताच.

चेअरमन झाले महालिंगप्पा. उमरगा तालुक्यात कुठंही खुर्ची रिकामी झाली की त्यांच्या गुडघ्यांना आपोआप घडी पडते, अशी त्यांची ख्याती होती. संस्थेच्या अकरा खुर्च्यांसाठी गावात डोकी फुटली. बारावी बसायची जागा होती ती पंपघरात, एका पत्र्याच्या डब्यावर. तिच्यासाठी मात्र एकही अर्ज आला नाही. पंपघर गावापासून दीड मैलावर, तलावाच्या काठाला. दिवसभर एकट्यानं राहायचं. मोटार चालू झाली की शेजारी उभ्या माणसाची हाक ऐकू येत नाही, आणि शेजारी माणूस तरी कुठं असतो? असतात ते विंचू, साप आणि तलावातले बगळे.

त्या डब्यावर बसायला पुतळाबाईचा नवरा कोंडिबा तयार झाला. काम सोपं होतं. सकाळी लाइट आली की स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, लाइट गेली की वाट पाहायची, आली की पुन्हा दाबायचं. पाणी पाइपातून माळावरच्या हौदात चढायचं आणि तिथून चारीनं उतरत ज्याची पाळी त्याच्या रानात जायचं.

पंच्याऐंशीच्या मार्च महिन्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, स्टार्टरमागच्या फळीवरून कोंडिबानं तेलाचा डबा काढायला हात घातला. तिथं साप होता.

कोंडिबा ओरडला असेल. मोटारीपुढं ते कुणाला ऐकू जाणार? तो दारापर्यंत सरकत आला आणि तिथंच पडला. मोटार मात्र प्रामाणिकपणे चालत राहिली. माळावर पाणी धो धो पडत होतं. ज्याची पाळी होती तो खूश होता, ज्याची उद्या होती तो निर्धास्त होता. दहा, अकरा, बारा. पाणी येतंय म्हणजे कोंडिबा ठीक आहे, एवढंच गणित चिंचगीला येत होतं. एक वाजता लाइट गेली. पाच मिनिटांत परत आली, पण पाणी आलं नाही. मग मात्र आमच्या गावाची माणुसकी खडबडून जागी झाली. दहा मिनिटांत अकरा जण खोरी घेऊन पंपघराकडं पळत सुटले आणि कोंडिबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच आत शिरले. पहिल्या चार-पाच शिव्या त्यांनी धुगधुगी राहिलेल्या माणसाला दिल्या. मग खोरी टाकून त्याला उचललं.

जीपमध्ये घालून त्याला उमरग्याला नेलं. जीप सुरू होताना गर्दीतून एक काळजीचा आवाज आला होता :

"आरं, पर पंप चालू करून आलाव का कुणी?"

कुणीतरी आलं होतं. ते काम कुणी विसरलं नव्हतं.

"दोन तास आधी आणलं असतं तर वाचला असता," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. दोन तास आधी कसं आणणार? दोन तास आधी तर पाणी येत होतं.

संस्थेनं दुखवट्याचा ठराव केला आणि कोंडिबाची जागा पुतळाबाईला दिली. पुढं भाषणांत महालिंगप्पा याला 'संस्थेनं विधवेला दिलेला आधार' म्हणत. खरी गोष्ट अशी की दुसरं कुणी जायला तयार नव्हतं, आणि नवऱ्याला भाकरी न्यायला जाताजाता बाईनं स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह सगळं शिकून घेतलं होतं. तिच्या दोन पोरी उमरग्याच्या वसतिगृहात राहून शिकत होत्या. नोकरी तिला हवी होती. पण तिनं एक अट घातली.

"म्या बसते," ती संचालकांच्या बैठकीत दारात उभी राहून म्हणाली. दारात अशासाठी, की आत बौद्धवाड्यातल्या बाईला 'या, बसा' म्हणण्याइतका सहकार अजून मुरला नव्हता. "पर एकटीला काय झालं तर गावाला कळाय पायजे. त्याची सोय करा. पोरींना आता मीच हाय."

साधी मागणी. एका वाक्यात सुटली असती. रोज कुणीतरी एकदा जाऊन बघून यायचं. पण एका वाक्यात सुटणाऱ्या गोष्टीला उपसमिती नेमता येत नाही. उपसमिती नेमली. तिच्या सहा बैठका झाल्या आणि अखेर असं ठरलं की पंपघरात विजेचं बटण बसवायचं, खांबाखांबानं तार गावात आणायची आणि गावात घंटा लावायची. बाईनं बटण दाबलं की घंटा वाजेल आणि मदत धावेल. कुणाची मदत, हा प्रश्न एकाही बैठकीत आला नाही. सगळा वेळ घंटा कुणाच्या घरी लावायची यातच गेला. उमरग्याच्या टॉकीजमध्ये असते तसली लालभडक, ताटाएवढी घंटा होती ती. ज्याच्या भिंतीवर बसेल तो मोठा, हे उघड होतं. ती चेअरमनसाबांच्या बैठकीच्या खोलीत लागली, त्यांच्या हार घातलेल्या वडिलांच्या फोटोशेजारी.

सेक्रेटरी तात्याराव यांनी नियम लिहिले. तात्यारावांना नियम लिहिण्याचा नादच होता. घरी बायकोला भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ते लेखी कळवत असावेत. धोका खरोखरचा असल्याची खात्री करून मगच बटण दाबावे. जेवणाच्या वेळेत शक्यतो दाबू नये. दाबल्यानंतर चोवीस तासांत कारण लेखी द्यावे. आणि बटणाचा गैरवापर होऊ नये म्हणून ते लाकडी पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावावे. किल्ली सेक्रेटरींकडे राहील.

"तात्यारावसाब, किल्ली तरी माझ्याजवळ द्या," पुतळाबाई म्हणाली.

"तुझ्याजवळ दिली तर तू उगंच दाबशील."

"उगं कामून दाबीन?"

"बाईमाणूस हायस. भ्याशील."

"मग? भ्यायल्यावरच दाबायचं हाय न्हवं?"

तात्यारावांनी कागद उलटून पाहिला. नियमात याचं उत्तर नव्हतं. "लेखी अर्ज दे," ते म्हणाले.

उद्घाटनाला मंडप पडला. सगळा गाव तलावावर लोटला. महालिंगप्पांनी नारळ फोडला, तात्यारावांनी किल्लीनं पेटी उघडली आणि चेअरमनसाबांनी आपल्या अंगठीच्या बोटानं बटण दाबलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. घंटा वाजली की नाही हे कुणालाही सांगता आलं नाही, कारण ती ऐकू शकणारे झाडून सगळे बटण दाबलेलं बघायला आले होते. गावात एकटी महालिंगप्पांची बायको रुद्रम्मा होती. ती खडबडून उठली, दुपारची झोप मोडली म्हणून तिनं जुन्या धोतराचा बोळा केला आणि घंटा आणि तिचा ठोका यांच्या मधे घट्ट कोंबला. मग ती पुन्हा झोपली. रुद्रम्माला दोष देता येत नाही. त्या घरात नेमकं, उपयोगाचं काम एवढं एकच माणूस करत असे.

पेटीला पुन्हा कुलूप लागलं. किल्ली तात्यारावांच्या करगोट्याला गेली आणि करगोट्यासह बहुतेक वेळ उमरग्याला राहू लागली. पुतळाबाई रोज डब्यावर बसे, समोर कुलूपबंद सुरक्षा. फळीवर हात घालायच्या आधी काठीनं ठोकून घेई.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तलाव तळाला गेला आणि पाळी बारा दिवसांवर आली. आता नागम्माची ओळख करून द्यायला हवी. तिचं रान पंपघराला लागून, अगदी हाकेच्या अंतरावर. पण पाणी आधी दीड मैल वर चढायचं, हौदात पडायचं आणि तिथून सगळ्या संचालकांची रानं भिजवत भिजवत परत उतरून सगळ्यात शेवटी नागम्माकडं यायचं. पाण्याच्या सगळ्यात जवळ आणि पाळीत सगळ्यात शेवटी. नागम्माची जीभ धारदार होती ती उगाच नव्हे. अर्धी मराठी, अर्धी कानडी अशा शिव्या ती द्यायची आणि दोन्ही भाषांना त्यांचा अभिमान वाटावा.

एके दिवशी बाराव्या दिवसाची, म्हणजे नागम्माची पाळी होती. दुपारचे दोन वाजले असतील. पंपघरात महालिंगप्पांचा पुतण्या ईरण्णा आला. दंडात ताईत, तोंडात पान आणि हातात लोखंडी गज. ईरण्णाचा ऊस वाळत होता, आणि पंपघरातला व्हॉल्व्ह फिरवला की पाणी हौदाऐवजी थेट त्याच्या रानात उतरायचं. जन्मात त्याला एवढंच काम होतं, उसाला वाढताना बघणं, आणि तेही धड होत नव्हतं.

"ए पुतळे, व्हॉल्व्ह फिरीव. पाणी माझ्याकडं सोड," मोटारीच्या आवाजावर आवाज चढवून तो ओरडला.

"आज पाळी नागम्माची हाय."

"त्या म्हातारीला काय करायचंय पाणी? फिरीव म्हनलं ना."

"बारा दिसानं आलंय तिचं पाणी. म्या फिरवणार न्हाय."

ईरण्णानं दार आतून लावलं आणि गज स्टार्टरच्या खांबावर खणकन आपटला. "हिथं मागं विहीर हाय, ठाव हाय ना? तुझा नवरा पडला तर कुणाला कळलं न्हाय. तू पडलीस तर कळंल व्हय?"

त्यानं तिला हात लावला नाही. हात लावला असता तर घरी जाऊन आंघोळ करावी लागली असती. लोखंडाला तसला विटाळ होत नाही. अशी माणसं धमकीसुद्धा सोवळ्यात देतात.

पुतळाबाईनं मोठा पान्हा उचलला आणि बटणाच्या पेटीचं कुलूप दोन घावांत तोडलं. बटण दाबलं. दाबून धरलं. ईरण्णा भिंतीला टेकून हसायला लागला.

"दाब, दाब की! आमच्याच घरात वाजती ती. काकूनं बोळा कोंबलाय तिच्यात. वरीस झालं." हसता हसता त्याला ठसका लागला. "लेखी दे म्हनावं तात्यारावाला!"

तिनं बटण सोडलं. एक क्षण मोटारीकडं पाहिलं. मग ती शांतपणे स्टार्टरपाशी गेली. ईरण्णाला वाटलं, आली वळणावर.

तिनं लाल बटण दाबलं.

मोटार घरघरत थांबली. वर्षभर त्या पत्र्याच्या खोलीत लाइट असताना अशी शांतता झाली नव्हती. तिनं वरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज ओढले, ओच्यात खोवले आणि जाऊन आपल्या डब्यावर बसली.

"ए! चालू कर!"

"बसा जरा, ईरण्णा मालक," पुतळाबाई म्हणाली. "पावणे येतेत."

"कोण पावणे?"

बाहेर नागम्माचा आवाज आला. हाकेच्या अंतरावर मोटार बंद पडलेली जिला सगळ्यात आधी कळते ती तीच. "यवळं पाणी तोंडाशी आलंतं की गं! कोण मेलं गं तिकडं? कुणाच्या मढ्यासाठी बंद पाडलंव?" पाठोपाठ दारावर खोऱ्याचा दांडा पडायला लागला. मग उद्याची पाळी असणारा आला, परवाची असणारा आला, मग चारीवरचे सगळे आले. बिडी ओढून संपावी एवढ्या वेळात पंपघराभोवती वीस-बावीस माणसं आणि तेवढीच खोरी जमली. ईरण्णानं कडी काढली. काढली नसती तर दार बिजागऱ्यांसकट आत आलं असतं.

"पंप कामून बंद?"

"ह्यास्नी इचारा," पुतळाबाईनं बोट दाखवलं. "पाळी मोडून पाणी मागतेत. न्हाय दिलं तर विहिरीत टाकीन म्हनतेत."

माझ्या गावाचा मला अभिमान वाटावा असा हा क्षण होता, पण गावानं तो वाया घालवला. 'विहिरीत टाकीन' हे कुणी ऐकलंच नाही. 'पाळी मोडून' हे मात्र बावीस माणसांनी एकदम ऐकलं. ईरण्णाला जे काही बखोट धरून, कॉलर धरून, चारीच्या चिखलातून वाजतगाजत गावात नेलं ते त्या दोन शब्दांसाठी. गजाकडं एकट्या नागम्माचं लक्ष गेलं. तिनं तो उचलला, पुतळाबाईकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच शिवी न देता विचारलं,

"लागलं न्हाय न्हवं गं?"

पुतळाबाईनं मान हलवली. मग ओच्यातून फ्यूज काढून बसवले.

दुसऱ्या आठवड्यात देवळापुढच्या पारावर सर्वसाधारण सभा भरली. विषय एकच : 'पंप ऑपरेटर यांनी संस्थेचा पंप विनापरवानगी बंद करणे, संस्थेचे कुलूप तोडणे, याबद्दल त्यांस कामावरून कमी करणे.' पुतण्याचं नाव विषयात नव्हतं. तात्यारावांनी वाचलं. महालिंगप्पांनी घसा साफ केला. पुतळाबाई पाराच्या खाली, कडेला उभी होती.

"पुतळे, काय म्हणणं हाय तुझं?"

"कोंडिबा नऊला पडला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पाणी एकपातूर आलं. चार घंटे कुणी आलं न्हाय. एकला पाणी थांबलं, तर दहा मिनटात अकरा जण. परवा म्या घंटा दाबली, कुणी आलं न्हाय. पाणी थांबवलं, बावीस आले. म्हंजी मला काय झालं तर गावाला कळायची वाट एकच हाय. मग आता असं. रोज बाराला म्या पंप बंद करणार. कुणीतरी येऊन मला बघायचं, मी जित्ती हाय का न्हाय. हाय म्हनले की पुन्हा चालू."

पारावर एकच गलका झाला. रोज पंप बंद! चढलेलं पाणी उतरणार! पिकं, ऊस, केळी! ज्या तोंडांतून कोंडिबाच्या वेळी एक हुंदका निघाला नव्हता, त्यांतून आता टाहो फुटला.

"काढून टाका हिला!" महालिंगप्पा गरजले. "ठराव लिहा, तात्याराव."

"लिवा," नागम्मा उठली. "आन त्याच्याखाली हे बी लिवा की उद्यापासनं पंपघरात कोण बसतंय. ईरण्णा बसतोय?"

ईरण्णा देवळाच्या खांबामागं गेला.

"तात्याराव, तुमी?"

तात्यारावांना कंबरेचा जुना त्रास आठवला.

"मग अप्पा, तुमीच बसा की. बसायची सवय हाय तुमास्नी."

अकरा संचालकांनी अकरा दिशांना पाहिलं. कुणाच्या गुडघ्यांना घडी पडली नाही. शेवटी सभेनं तोडगा काढला, आणि आमची माणसं स्वतःच्या नुकसानीत असताना किती हुशार होतात याचा तो नमुनाच आहे. ज्याची त्या दिवशी पाळी, त्यानं बाराच्या आधी पंपघरात जाऊन बाईला बघून यायचं. गेला तर पंप थांबणार नाही. नाही गेला तर त्याचंच पाणी बंद. सहा बैठकांत उपसमितीला जे सुचलं नाही ते भीतीनं पाऊण तासात सुचवलं. संस्थेच्या वार्षिक अहवालात मात्र 'ऑपरेटरच्या सुरक्षिततेसाठी बसवलेल्या विद्युत घंटेमुळे मोठा अनर्थ टळला' असं छापलं. खाली घंटेचा फोटो. बोळा नीट दिसतो.

पहिले तीन दिवस लोक वेळेवर गेले. चौथ्या दिवशी पाळी होती स्वतः महालिंगप्पांची. चेअरमननं डब्यावरच्या बाईची खुशाली विचारायला जायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी गडी पाठवायचं ठरवलं, मग गड्याला दुसरंच काम सांगितलं, मग विसरले. बाराला ते आपल्या केळीत उभे होते. चारीतलं पाणी बारीक झालं, आणि थांबलं.

बारा वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा त्यांची मोटारसायकल पंपघरापुढं धुरळ्यात उभी राहिली. धोतर चिखलानं भरलेलं, टोपी तिरकी, श्वास वर. बाजूच्या बांधावर नागम्मा खुरपं टेकून बसली होती. ती सकाळपासून मुद्दाम तिथं खुरपत होती.

"चालू कर," महालिंगप्पा म्हणाले.

पुतळाबाई डब्यावरून उठली नाही. "आधी इचारा, चेअरमनसाब."

"काय इचारू?"

"समदे जे इचारतेत ते."

महालिंगप्पांनी नागम्माकडं पाहिलं. तिनं खुरपं खाली ठेवलं होतं आणि कान पुढं केला होता. मागं त्यांची केळी वाळत होती. त्यांनी टोपी सरळ केली, घसा साफ केला. भाषणाआधी करतात तसा.

"पुतळाबाई," ते म्हणाले, "जित्त्या हाव का?"

"हाय की," पुतळाबाई म्हणाली, आणि उठून हिरवं बटण दाबलं.